आपल्या दारचं जनावर आपल्या हातांनी पुरावं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरचं कुत्रं मेलं की त्याच्या देहाचं काय करायचं, यावर आपल्याकडे मोकळेपणी बोललं जात नाही. पिल्लाला लस कधी द्यावी, काय खायला घालावं, उन्हाळ्यात कसं जपावं, हे सगळं पुरवण्यांत छापून येतं. शेवटचं तेवढं राहून जातं. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, पण जागा द्यावी ही विनंती.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहते. आरोग्य उपकेंद्रात आरोग्यसेविका होते, आता निवृत्त आहे. घराला आगर आहे, मागीलदारी विहीर, गडग्यापलीकडे पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा. आमचा बंड्या, तांबूस रंगाचा गावठी कुत्रा, या वैशाखात म्हातारपणाने गेला. मूत्रपिंडं थकली होती. सारखा पाणी प्यायचा, तरी वाळत चालला होता. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत पल्स पोलिओच्या रविवारी मी लशीचा डबा घेऊन वाडीवाडीवर जायचे, तेव्हा हा पाखाडी उतरून पुढे धावायचा आणि लोक त्याला बघूनच मुलांना घेऊन दारात येऊन उभे राहायचे. त्याला आम्ही आगरातच पुरलं.

पण कागद हातात घेतला तो एका बाईच्या बोलण्यामुळे. आमच्या बाजाराच्या गावी ती घंटागाडीवर काम करते. तिची दोन्ही बाळंतपणं माझ्या देखरेखीखाली झाली, त्यामुळे दिसली की थांबते. बंड्या गेल्याचं कळल्यावर तिने विचारलं, "सिस्टर, तुम्ही पुरलात ना त्याला?" मी हो म्हटलं. मग ती म्हणाली, "लोक काळ्या पिशवीत बांधून ओल्या कचऱ्यात टाकतात. पिशवी उचलली की वजनावरूनच कळतं. कधी फुटते." तिच्या हातातल्या रबरी मोज्यांची बोटं फाटलेली होती. ज्या घरांतून या पिशव्या येतात, त्या घरांत कुत्र्याचा वाढदिवस होतो, हेही तिनेच सांगितलं, आणि त्यात राग नव्हता. राग मला आला, आणि तो अजून गेलेला नाही.

आपल्याकडे मेलेलं जनावर दुसऱ्याने उचलायचं, ही फार जुनी सवय आहे. गावोगाव मेलेलं ढोर ओढून नेण्याचं काम एका समाजाच्या माथी मारलेलं होतं, आणि ते काम करतात म्हणून पुन्हा त्यांचाच विटाळ मानायचा. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याचं पाणी सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच परिषदेतल्या ठरावांत स्पृश्य समाजाला एक साधं आवाहन होतं, की आपली मेलेली जनावरं आपणच पुरावीत. महाड आमच्याकडून फार लांब नाही. शंभर वर्षं होत आली. बैल गेले, घरात कुत्री-मांजरं आली, आणि ते काम आता कंत्राटी सफाई कामगाराच्या हातावर आलं. हे मला सहन होत नाही. ज्याला आपण बाळ म्हणून हाक मारली, त्याचा देह आपल्याला उचलवत नसेल, तर तो दुसऱ्या कुणी का उचलावा?

म्हणून बंड्यासाठी खड्डा खणायला गडी बघू का, असं शेजारच्यांनी विचारलं तेव्हा आम्ही नको म्हटलं. पुतण्याने पहार घेतली, ह्यांनी फावडं, मी घमेल्याने माती काढली. आमच्याकडे वरची फूट-दीड फूट माती मऊ असते, खाली जांभ्याची मुरमाड लागते. तिथे लोक थांबतात. अडीच फुटांवर "पुरे झालं" म्हणतात. तिथेच थांबायचं नसतं. देहावर किमान तीन फूट माती यायला हवी, म्हणजे मध्यम अंगाच्या कुत्र्याला साडेचार-पाच फुटांचा खड्डा लागतो. आम्ही ह्यांच्या छातीइतका घेतला. कोल्हा, रानडुक्कर, गावातली मोकाट कुत्री, यांना उथळ खड्ड्याचा वास लगेच लागतो. आपल्या लाडक्याचा देह दुसऱ्या दिवशी उकरून ओढलेला बघणं काय असतं, ते मी आमच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या आजींच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. त्यांनी पुढे कुत्रं पाळलं नाही.

ज्यांच्यावर ही वेळ पहिल्यांदाच येणार आहे, त्यांच्यासाठी आधीचं थोडं सांगते. जीव गेल्यावर उन्हाळ्यात दोन-तीन तासांत देह ताठरू लागतो. त्याआधी पाय पोटाशी घेऊन, झोपायचा तसा गोल करून ठेवावा. नंतर पाय वळत नाहीत, ओढाताण करावी लागते आणि ती बघवत नाही. डोळे बहुधा उघडेच राहतात, माणसासारखे मिटत नाहीत, त्याने घाबरून जाऊ नये. पोटातलं आणि मूत्राशयातलं बाहेर येतं, खाली जुनी फडकी घालावीत. अंग थंड झालं की गोचीड आणि पिसवा ते अंग सोडून निघतात, म्हणून देह घरात गादीवर ठेवून बसू नये. पडवीत किंवा सावलीच्या खळ्यात ठेवावा. हातात मोजे घालावेत. मायेने घट्ट धरावंसं वाटतं हे मला कळतं. मीही धरलं. पण नंतर साबणाने हात कोपरापर्यंत धुवावेत आणि अंगावर जखम असेल तर ती आधी झाकावी. कोकणात लेप्टो, म्हणजे जनावरांच्या मूत्रातून पसरणारा ताप, काय करतो ते मी नोकरीत बघितलेलं आहे.

एक बाब मात्र वेगळी. कुत्रं अचानक अंगावर यायला लागलं होतं, लाळ गळत होती, गिळता येत नव्हतं, आवाज बदलला होता, आणि मग ते गेलं, तर ते घरात कुणी हाताळू नये. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावं, ते सांगतील तसं करावं. त्याची लाळ ज्यांच्या जखमेला किंवा तोंडा-डोळ्यांना लागली असेल त्यांनी त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजची लस सुरू करावी. इथे माया आड येऊ देऊ नये.

बंड्याला मी माझ्या जुन्या सुती पातळात गुंडाळलं. सूनबाईंना त्याची चादर द्यायची होती, पण ती ॲक्रिलिकची. ती वर्षानुवर्षं मातीत तशीच राहिली असती. गळ्यातला नायलॉनचा पट्टा काढून घेतला. प्लास्टिकच्या पिशवीत तर देह कधीच पुरू नये. आत हवा जात नाही, देह मातीला मिळत नाही, नुसता सडत राहतो. शेजारच्या वहिनी खडे मिठाची पिशवी घेऊन आल्या. आपल्याकडे ही रीत आहे, आणि त्यांनी ती मायेने आणली होती. मी त्यांना हात जोडले आणि मीठ घातलं नाही. सुकी मासळी पावसाळाभर टिकते ती मिठाने. मिठात देह टिकतो, लवकर माती होत नाही, आणि भोवतीच्या झाडांच्या मुळांना ते बाधतं ते वेगळंच. चुन्याचंही थोडं तसंच आहे. चुना वास दाबतो, पण कुजणं लांबवतो. घालायचाच तर वरच्या थरात हलका भुरभुरावा, पोतं ओतू नये.

नातू सात वर्षांचा आहे. त्याला मुद्दाम लांब पाठवलं नाही. बंड्याला सुक्या बोंबलाचं डोकं फार आवडायचं, ते त्याला द्यायचं असा त्याने हट्ट धरला. ते खड्ड्याच्या तळाशी, पातळाच्या खाली ठेवू दिलं. वरच्या मातीत ठेवलं असतं तर त्याच रात्री कोल्ह्याने जागा हुंगली असती. त्याने स्वतः ओंजळीने माती लोटली आणि मग रडला. खूप रडला. मुलांना "तो गावाला गेला" असं सांगणाऱ्या आईबापांना माझं एवढंच सांगणं आहे, की त्यांना हे बघू द्या. खोटं सांगितलं की मूल महिनोन्‌महिने फाटकाकडे बघत बसतं.

माती भरून झाल्यावर वर जांभ्याचे चिरे पसरले आणि त्यावर पुन्हा माती घालून उंचवटा केला. पहिल्या पावसात ती जागा खचते, तेव्हा पुन्हा भर घालावी लागते. ती मृगातच घातली. झाड लावायची घाई केली नाही. ताज्या पुरलेल्या जागेवर लहान रोप जळतं. पुढच्या वर्षी शेजारी रातांब्याचं रोप लावू.

आता विहिरीचं. इथे मी आरोग्यसेविका म्हणून बोलते आहे आणि कोकणातल्या प्रत्येक घराला कळकळीने सांगते आहे. नोकरीत मी विहिरीत टीसीएल पावडर, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, पडते की नाही हे बघत फिरले, पाण्यातला क्लोरीन तपासणाऱ्या ओटी टेस्ट केल्या. शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर लांब हवा, हे आम्ही प्रत्येक सभेत सांगायचो. मेलेल्या जनावराचा खड्डा मी त्याच्या दुप्पट लांब ठेवते, आणि विहिरीच्या वरच्या अंगाला कधीच घेत नाही. जांभा दगड सच्छिद्र असतो. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो वरून पडतो आणि जांभ्यातून झरझर खाली उतरतो. वैशाखात तळ गाठलेली विहीर आषाढात काठाशी आलेली असते. म्हणजे उन्हाळ्यात कोरडा ठाक दिसणारा पाच फुटांचा खड्डा पावसाळ्यात पाण्यात बसलेला असू शकतो. जागा ठरवताना आत्ताची माती बघू नका, तिथे श्रावणात काय असतं ते घरातल्या जुन्या माणसांना विचारा. पाणी साचत असेल, पऱ्याचं पाणी फुगून येत असेल, तर ती जागा सोडा. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणचं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. नदीकाठच्या सखल जागेत काहीही पुरलं तरी ते पुरलेलं राहील याची खात्री नाही.

कुत्रं पार्व्होने, म्हणजे उलट्या-जुलाबाच्या विषाणूजन्य आजाराने, गेलं असेल तर आणखी एक काळजी. तो विषाणू मातीत वर्षभरसुद्धा टिकतो. त्या आवारात लस न झालेलं नवं पिल्लू आणू नये.

आणि इंजेक्शनचं. वेदना असह्य झाल्या की डॉक्टर झोपेचं इंजेक्शन देऊन सोडवतात. तो निर्णय घेणाऱ्यांना मी दोष देणार नाही, देऊ नये. पण त्यात बार्बिट्युरेट जातीचं औषध असेल तर ते देहात राहतं, मातीतही लवकर मोडत नाही. असा देह उघड्यावर किंवा उथळ पुरला आणि कोल्ह्याने, कुत्र्याने, गिधाडाने खाल्ला, तर तेही मरतं. औषध दिलेल्या जनावरांच्या देहांनी गिधाडांचं काय केलं, हे आपण एकदा भोगलं आहे. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत होती, आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी येईपर्यंत आकाश जवळजवळ रिकामं झालं होतं. शेजारच्या रायगडात म्हसळा तालुक्यातल्या चिरगावला लोकांनी पांढऱ्या पाठीची गिधाडं जपली आहेत. त्यांच्या कष्टावर आपण आपल्या आळसाने पाणी फिरवू नये. डॉक्टरांना कोणतं औषध दिलं ते विचारा, आणि मग खड्डा आणखी हातभर खोल घ्या.

काही जण म्हणाले, कुत्र्यासाठी एवढं? त्यांना मी आतकूरची गोष्ट सांगते. कर्नाटकात मद्दूरजवळ आतकूर नावाचं गाव आहे. तिथे दहाव्या शतकातला, राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळातला शिलालेख मिळाला. ज्या राष्ट्रकूटांनी वेरूळचं कैलास लेणं कोरलं, तेच हे घराणं. गंग राजा बूतुग याने युद्धातल्या पराक्रमावर खूश होऊन आपल्या मनलेर नावाच्या वीराला काय हवं ते माग म्हटलं. त्याने राजाची काळी नावाची शिकारी कुत्री मागितली. पुढे रानडुकराशी झुंजताना ती डुक्कर मारून स्वतः मेली. तिच्या नावाने देवळासमोर दगड उभारला, त्या दगडासाठी जमीन दिली, आणि जो पुजारी तिथली पूजा चुकवील त्याला पाप लागेल असंही कोरून ठेवलं. वीरगळ आपण कोकणातही देवळांच्या आवारात बघतो. हजार वर्षांपूर्वी कुत्र्याला तो मान देणारी माणसं होती. काश्मीरमध्ये बुर्झहोमला तर नवाश्मयुगातली माणसं आणि कुत्री एकत्र पुरलेली सापडली आहेत. तेव्हा हे शहरी लाडांचं खूळ आहे, असं कुणी म्हणू नये.

आता ज्यांना आगर नाही, अंगण नाही, त्यांनी काय करायचं? माझी मुलगी ठाण्याला चौथ्या मजल्यावर राहते. तिच्याकडे कुत्री आहे, आणि बंड्या गेला त्या रात्री ती फोनवर म्हणाली, "आई, आमच्यावर ही वेळ आली तर मी हिला कुठे नेऊ?" मुंबईत निदान मालाडला महापालिकेने २०२३ मध्ये लहान जनावरांसाठी गॅसवरची दहनभट्टी सुरू केली. परळचं जनावरांचं जुनं इस्पितळ आहे. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातच लिहिलं आहे, की जनावर मेलं तर जागेच्या भोगवटादाराने तीन तासांच्या आत आरोग्य खात्याला कळवावं आणि देह हलवण्याची व्यवस्था पालिकेने करावी. म्हणजे इंग्रजांच्या काळात हे सुचलं होतं. आमच्याकडच्या तालुक्याच्या गावांचं काय? बाजाराच्या गावी आता चार-चार मजली इमारती झाल्या. प्रत्येक मजल्यावर एखादं कुत्रं, मांजर. त्यांच्यासाठी भट्टी नाही, दफनाची जागा नाही, विचारायला फोन नंबर नाही. मी स्वतः तिथल्या कार्यालयात जाऊन विचारलं. खिडकीतल्या माणसाने सांगितलं, "घंटागाडीत द्या." पिशवी कुठे टाकावी हे ज्यांना कळत नाही, ती माणसं वाईट नाहीत. त्यांना दुसरी जागाच दाखवलेली नाही.

म्हणून माझी मागणी अशी आहे. कोकणातल्या प्रत्येक नगरपरिषदेने आणि नगरपंचायतीने दोन गुंठे जागा पाळीव आणि भटक्या जनावरांच्या दफनासाठी राखावी. दोन गुंठे फार होत नाहीत. जागा उंचावर, विहिरी आणि पऱ्यापासून लांब, कुंपण घातलेली हवी. पावसाळ्याआधीच काही खोल खड्डे यंत्राने घेऊन ठेवावेत, कारण आषाढात इथे कुणालाही खणता येत नाही. शुल्क ठेवायचं तर माफक ठेवावं. माती लोटायचं काम घरच्यांनी करायचं, असा नियमच करावा. आणि रस्त्यावर गाडीखाली मेलेली जनावरं ज्यांना उचलावी लागतात, त्या कामगारांना न फाटलेले मोजे, बूट आणि रेबीज व धनुर्वाताच्या लशी आधीच द्याव्यात. हा खर्च मोठा नाही आणि तो आधी व्हायला हवा.

ग्रामपंचायतींनाही सांगते. गावठाणात ज्यांचं घर दोन खणांचं आहे आणि मागे जागा नाही, त्यांच्यासाठी गायरानातला एक कोपरा ग्रामसभेत ठराव करून ठेवता येईल. आमच्या गावच्या येत्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी दिला आहे. जागा बघायला, विहिरीपासूनचं अंतर मोजायला, खड्ड्याची खोली ठरवायला कुणा ग्रामपंचायतीला किंवा नगरपंचायतीला माझी मदत हवी असेल तर मी येईन. टेप माझ्याकडे आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
जि. रत्नागिरी